खंडकऱ्याला जमीन मिळाली, मजुराच्या खोलीचं काय? इंदापूर-बारामतीत अर्धवट राहिलेली जमीन सुधारणा

जमीन सुधारणा म्हटलं की आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ एवढंच आठवतं. कूळ मालक झालं, मोठ्या जमीनदाराची जादा जमीन सरकारने काढून घेतली, विषय संपला. पण ज्याच्या नावावर कधी कूळ म्हणूनही नोंद नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात राबला आणि दुसऱ्याच्याच जागेत राहिला, त्याच्या डोक्यावरच्या छपराचं काय झालं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर आणि बारामती तालुक्यांत हा प्रश्न आजही जिवंत आहे आणि त्यात आपल्या समाजाचीही घरं आहेत. म्हणून तो नीट समजून घेऊ.

सुरुवात वालचंदनगरपासून करावी लागते. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला आणि या कोरड्या मुलखात बागायत आली. पुढे साखर कंपन्या आल्या. त्यांना ऊस हवा होता, उसाला सलग जमीन हवी होती. ती त्यांनी शेतकऱ्यांकडून लांब मुदतीच्या खंडाने घेतली. इंदापूर तालुक्यात कळंब गावाजवळ शेठ वालचंद हिराचंद यांनी कारखाना आणि त्याभोवती मोठी शेती उभी केली. तेच आजचं वालचंदनगर. असंच माळशिरस तालुक्यात माळीनगरला झालं, नगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) बेलापूर, टिळकनगर, साकरवाडीला झालं. ज्यांनी जमीन खंडाने दिली ते शेतकरी ‘खंडकरी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. इथे गंमत अशी की नेहमीच्या उलट, जमिनीचा मालक गरीब शेतकरी होता आणि भाडेकरू होती बलाढ्य कंपनी.

मग 1961 चा कमाल जमीन धारणा कायदा आला, 26 जानेवारी 1962 पासून तो लागू झाला. बारमाही बागायतीला 18 एकर, जिरायतीला 126 एकरांपर्यंत मर्यादा होती. 1975 मध्ये जिरायतीची मर्यादा 54 एकरांवर आली. साखर कंपन्यांच्या शेतीलाही हा कायदा लागला. ही मोठी गोष्ट होती आणि त्याचं श्रेय त्या वेळच्या सरकारला द्यायला हवं. पण या जमिनीचे तुकडे करून वाटल्या तर कारखान्यांना ऊस मिळणार नाही, असं कारण पुढे करून ती एकत्रच ठेवली गेली. 1963 मध्ये त्यासाठी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. इंदापूरचा रत्नपुरी मळा याच महामंडळाचा.

म्हणजे काय झालं? कंपनी गेली, सरकार आलं. खंडकरी बाहेरच राहिला आणि मजूर होता तिथेच राहिला.

खंडकऱ्यांनी मात्र हार मानली नाही. मोर्चे, कोर्टकचेऱ्या, विधिमंडळात आवाज, असं सगळं त्यांनी कित्येक दशकं केलं. कॉम्रेड माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांनी आयुष्याचा मोठा काळ त्यात घालवला. शेवटी कायद्यात बदल होऊन 2012 मध्ये खंडकऱ्यांना जमीन परत द्यायला सुरुवात झाली. ती ‘भोगवटादार वर्ग 2’ म्हणून मिळाली, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी, आणि मग ती वर्ग 1 करून घेण्यासाठी पुन्हा पाठपुरावा करावा लागला. त्यांचा हक्क न्याय्यच होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण त्याच मळ्यावर पाणी धरणारा, बेणं लावणारा, खुरपणारा, मोळ्या बांधणारा माणूस या हिशेबात कुठेच नव्हता. खंडकऱ्याकडे दाखवायला जुना सातबारा होता. मजुराकडे होता हजेरीपटावरचा अंगठा. दुष्काळी भागातून पोटासाठी आलेली ही कुटुंबं महामंडळाच्या चाळीत राहिली. तिथेच पोरं झाली, पोरांची लग्नं झाली. पुढे महामंडळाने स्वतः शेती करणं टप्प्याटप्प्याने थांबवलं आणि निविदा काढून जमिनी संयुक्त शेतीसाठी इतरांना देण्याची पद्धत आली. काम गेलं. खोली तेवढी राहिली, आणि तीही कागदावर मजुराची नाही. नोकरी होती तोवर तिला ‘क्वार्टर’ म्हणत. नोकरी संपल्यावर त्याच खोलीत राहणारा माणूस ‘अनधिकृत’ ठरू शकतो. घर आणि नोकरी एकाच खुंटीला बांधली की असंच होतं: खुंटी उपटली की दोन्ही जातात.

म्हणून या कामगारांची मागणी कित्येक वर्षं एकच आहे: राहायला दोन गुंठे जागा, आमच्या नावावर. हजारो एकर सांभाळणाऱ्या महामंडळाकडे ही काही अवाजवी मागणी नव्हे. 20 कुटुंबांना दोन-दोन गुंठे दिले तर एकच एकर लागतो. रस्ते-गटारी धरल्या तर दीड म्हणा. आश्वासनं पुष्कळ झाली, आमदार-मंत्र्यांच्या बैठका झाल्या. पण आश्वासन आणि मालमत्ता पत्रक यांच्यात किती अंतर असतं, हे चाळीत राहणाऱ्याला आपण सांगायची गरज नाही. दरम्यान औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, सरकारी इमारती अशा प्रत्येक नव्या कामासाठी सगळ्यांची नजर महामंडळाच्याच जमिनीकडे वळते. विकासाला आमचा विरोध नाही. रोजगार आला तर याच चाळीतल्या पोरांना कामं मिळतील. पण जमिनीचा शेवटचा तुकडा वाटून झाल्यावर कामगारांच्या दोन गुंठ्यांचा विचार करू, असं चालणार नाही. घराची जागा आधी मोजून वेगळी काढायला हवी.

कायद्यात होतं, पण कुणी सांगितलं नाही

हा प्रश्न फक्त महामंडळाच्या मळ्यापुरता नाही. बारामतीच्या बागायती पट्ट्यात, इंदापूरच्या कालव्याकाठी खाजगी शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर सालगडी राहतात. पाडव्याला साल ठरतं, उचल मिळते, शेताच्या कडेला पत्र्याची खोली मिळते. पुढच्या पाडव्याला मालकाशी बिनसलं की बाडबिस्तारा उचलायचा. चांगले मालक आहेत, नाही असं नाही. पंधरा-पंधरा वर्षं एकाच वस्तीवर राहिलेली कुटुंबंही सापडतात. पण चांगला मालक हा काही हक्क नव्हे. त्याच्या पश्चात त्याची मुलं जमीन विकायला काढतात, बारामतीच्या आसपास जमिनीचे भाव काय झालेत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मग पंधरा वर्षांची ओळख एका दिवसात संपते.

फार थोड्या लोकांना ठाऊक असलेली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. 1948 च्या कूळकायद्यात कलम 16 ते 18 अशी कलमं आहेत. मालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधलं असेल तर त्याला सहजासहजी तिथून काढता येत नाही आणि ती जागा विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा, असा कलम 16 आणि 17 चा साधारण आशय आहे. आणि कलम 18 म्हणतं की हेच संरक्षण गावातल्या शेतमजुरांच्या आणि कारागिरांच्या घरांनाही आहे. म्हणजे 75 वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं की जमीन न मिळणाऱ्यालाही निदान घराखालची माती मिळाली पाहिजे.

मग हे का घडलं नाही? एक तर कलम 32 चा, म्हणजे 1 एप्रिल 1957 च्या ‘कृषक दिना’चा एवढा बोलबाला झाला की ही तीन कलमं त्याच्या सावलीत झाकली गेली. दुसरं म्हणजे त्यांचा फायदा घ्यायचा तर घर आपण बांधलं हे दाखवावं लागतं, आणि सालगड्याची खोली बहुधा मालकानेच बांधलेली असते. तिसरं कारण सगळ्यांत साधं आहे. ज्या माणसाकडे रोजाने जायचं त्याच्याविरुद्ध तहसील कचेरीत अर्ज कोण करणार? तरीही ज्यांचं घर गावात आहे, दोन पिढ्यांपूर्वी आजोबांनी स्वतः बांधलेलं आहे, पण जागा दुसऱ्याच्या नावावर आहे, अशा कुटुंबांनी ही कलमं जाणत्या वकिलाला जरूर दाखवावीत. गावोगावच्या आपल्या शिकलगार, पिंजारी, मुलाणी, आतार कुटुंबांत अशी घरं निघतील. त्यातले बरेच जण कारागीर, आणि कायद्यात कारागिरांचा उल्लेख स्पष्ट आहे.

नमुना 8 म्हणजे मालकी नव्हे

आपल्या लोकांचा सगळ्यांत मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. ग्रामपंचायतीत घरपट्टी भरली की नमुना 8 चा उतारा मिळतो. त्यावर नाव असतं, घराचं क्षेत्र असतं, गोल शिक्का असतो. घरोघरी तो ‘घराचा उतारा’ म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो. पण तो कर आकारणीचा कागद आहे. त्याने जागेची मालकी सिद्ध होत नाही. (आणि तलाठ्याकडचा आठ-अ तो वेगळाच, तो शेतजमिनीच्या खात्याचा.) म्हणून नमुना 8 टाकून द्यायचा का? अजिबात नाही. किती वर्षांपासून राहतो, हे दाखवायला त्याच्यासारखा पुरावा नाही. फक्त तो मालकीचा दाखला समजून निर्धास्त राहू नये.

मालकीचा कागद गावठाणात आता मिळू लागला आहे. ड्रोनने गावठाण मोजून प्रत्येक घराला मालमत्ता पत्रक द्यायचं, हा प्रयोग पुणे जिल्ह्यातच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला आणि पुढे 2020 मध्ये केंद्राने ‘स्वामित्व’ योजना देशभर आणली. योजना चांगली आहे. पण ती गावठाणाची आहे. मळ्यावरची चाळ, कालव्याच्या भरावालगतची झोपडी, शेतातली वस्ती, गायरानातलं घर हे सगळं गावठाणाबाहेर येतं. ज्याची मालकी आधीच बऱ्यापैकी घट्ट होती त्याला पक्का कागद मिळाला आणि ज्याची डळमळीत होती तो ड्रोनच्या नकाशाबाहेर राहिला.

गायरानाचं तर काय सांगावं! 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. 2022 च्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या आणि दोन लाखांहून जास्त बांधकामांचा प्रश्न उभा राहिला. गावोगाव लोकांची झोप उडाली. दुसरीकडे त्याच राज्य सरकारचा 16 फेब्रुवारी 2018 चा निर्णय आहे की 1 जानेवारी 2011 पर्यंतची शासकीय जमिनीवरची राहती अतिक्रमणं अटींसह नियमानुकूल करता येतील. एक हात नोटीस देतो, दुसरा सवलत देतो. मधल्या माणसाने काय करायचं? जो हुशार आहे, ज्याचा सरपंचाशी संबंध आहे, तो सवलतीच्या यादीत जातो. ज्याचं गावात एकुलतं घर, तो नोटिशीच्या यादीत राहतो.

आणि हे ‘गावात एकुलतं घर’ बहुतेकदा कुणाचं असतं? महाराष्ट्रातले जवळपास तीन चतुर्थांश मुसलमान शहरांत राहतात. त्यामुळे घराचा विषय निघाला की आपली चर्चा भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, कोंढवा यांच्याभोवतीच फिरते. खेड्यात राहणारा एक चतुर्थांश समाज विखुरलेला आहे, गावात दोन घरं, पाच घरं. वॉर्डात त्यांच्या मतांनी काही ठरत नाही. ग्रामसभेत ते मागे बसतात किंवा जातच नाहीत, आणि त्यांच्या महिला तर क्वचितच. घरकुलाची यादी, अतिक्रमणाची यादी, गावठाण वाढीचा ठराव, हे सगळं मात्र ग्रामपंचायतीत आणि ग्रामसभेतच पुढे सरकतं. तिथे गैरहजर राहून नंतर ‘आपल्याला डावललं’ म्हणण्यात अर्थ नाही, हे आम्हाला कडू असलं तरी बोलावं लागतं.

पैसा आहे, जागा नाही

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशात घर बांधायला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. पण घर बांधायला आधी जागा लागते. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. पूर्वी 50 हजार मिळत, आता 1 लाखापर्यंत मिळतात, 500 चौरस फूट जागेसाठी. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजे 500 फूट अर्धा गुंठाही भरत नाही. बारामतीलगत किंवा इंदापूरच्या हमरस्त्याजवळ एवढ्या पैशांत तेवढीही जागा मिळवून दाखवावी.

त्यात तुकडेबंदी. 2023 पासून बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 10 गुंठे धरलं आहे, त्याहून लहान तुकडा शेतीतून विकत घेता येत नाही. गरिबाला 10 गुंठे घेणं शक्य नाही, एक गुंठा घ्यायला परवानगी नाही. मग तो शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून जागा घेतो आणि आयुष्यभराची कमाई अशा कागदात अडकवतो ज्याची नोंद सातबाऱ्यावर कधीच होत नाही. 2024 च्या नियमांनी यात थोडी वाट काढली आहे. सरकारी ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने 1,000 चौरस फुटांपर्यंत जागा घेता येते. ही माहिती जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर दोन मिनिटं सांगितली तरी कित्येक कुटुंबं नोटरीच्या फसव्या व्यवहारातून वाचतील.

ऊसतोड मजुरांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. बीडकडून येणारी ही कुटुंबं बारामती-इंदापूरच्या कारखान्यांच्या हद्दीत गाळप चालेपर्यंत कोपीत राहतात आणि जातात. त्यांना घराची मालकी हवी ती त्यांच्या गावात. इथे हवं ते पाणी, संडास, वीज आणि पोरांची शाळा. दोन्ही मागण्यांची सरमिसळ केली की एकही पदरात पडत नाही.

बाहेर काय झालं ते थोडं पाहू. केरळात मालकाच्या जागेत झोपडी बांधून राहणाऱ्या शेतमजुरांना ‘कुडिकिडप्पुकार’ म्हणत. 1 जानेवारी 1970 पासून तिथल्या भूसुधारणेने त्यांना झोपडीभोवतीची जागा नाममात्र किमतीत घेण्याचा हक्क दिला: पंचायत हद्दीत 10 सेंट, म्हणजे आपले साधारण चार गुंठे. लाखो कुटुंबांच्या नावावर परसबाग झाली, नारळाची झाडं झाली आणि मजुरीचा दर बोलताना ‘घर सोड’ ही धमकी मालकाच्या हातून गेली. दक्षिण आफ्रिकेने 1997 मध्ये कायदा केला की मालकाच्या शेतावर 10 वर्षं राहिलेल्या साठीपुढच्या मजुराला, त्याने गंभीर गैरवर्तन केलं नसेल तर, तिथून काढता येणार नाही. तो चांगलाच कायदा, पण त्याने राहण्याचं संरक्षण दिलं, मालकी दिली नाही, आणि तिथे माणसं शेतावरून निघत राहिली. आमच्या मते इंदापूरच्या दोन गुंठ्यांचा विचार करताना हा फरक महत्त्वाचा आहे. ‘राहू द्या’ हे आश्वासन आणि ‘नावावर करा’ हा हक्क, यांत दुसरंच मागायला हवं.

नावावर म्हणजे कुणाच्या? नवरा-बायको दोघांच्या. मूळ कामगार हयात नसेल तर त्याच्या विधवेचं नाव पहिलं, आणि वारसनोंद करताना बहिणींची नावं सोडायची नाहीत. शरीयतने मुलीला हिस्सा दिला आहे, हे आपण तकरीरमध्ये अभिमानाने सांगतो. तलाठ्यासमोर मात्र आठवत नाही. यादी करताना फक्त कायम कामगार धरायचे की हंगामी आणि रोजंदारीवर राबलेलेही, हा दुसरा वादाचा मुद्दा होईल. आमचं म्हणणं, जो त्या वसाहतीत राहतो आणि ज्याला दुसरीकडे घर नाही, त्याला धरावं. हजेरीपटावरचा हुद्दा पाहू नये. आणि एक सावधगिरी. महामंडळ ही सरकारी मालकीची कंपनी आहे. गायरानासाठी असलेला 2018 चा निर्णय तिच्या जागेला आपोआप लागू होतो, असं गृहीत धरून कुणी स्वस्थ बसू नये. तिथे वेगळा आदेश लागेल.

तोवर प्रत्येक घराने एक फाईल करावी. जुनी घरपट्टी पावती, नमुना 8, लाइटबिल, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा पत्ता, महामंडळाचं हजेरीपत्रक किंवा पगारपत्रक असेल तर ते. 1 जानेवारी 2011 च्या आधीचा जो कागद असेल तो वर ठेवावा. अर्ज एकट्याने करू नये. चाळीत मागासवर्गीय, धनगर, रामोशी, मुसलमान सगळेच शेजारी आहेत आणि सगळ्यांचा कागद सारखाच कोरा आहे. एकाच अर्जावर सगळ्यांच्या सह्या असल्या की तहसीलदारालाही तो बाजूला ठेवणं जड जातं, आणि त्याला ‘एका समाजाचा प्रश्न’ असं नाव देता येत नाही.

अर्जात अजून एक ओळ घालायला सांगू. वसाहतीचा लेआउट होईल तेव्हा फक्त घरांचे प्लॉट पाडून भागणार नाही. रस्ता, अंगणवाडी, स्मशानभूमी आणि कबरस्तान यांची जागाही त्याच मोजणीत, वेगळ्या नोंदीने दाखवली गेली पाहिजे. घर नावावर झालं आणि जनाजा न्यायचा कुठे हा वाद नंतर उभा राहिला, असं व्हायला नको. मोजणीच्या दिवशी भूमी अभिलेखचा माणूस येतो तेव्हा जागेवर हजर राहून ते दाखवून द्यावं लागतं; एकदा नकाशा मंजूर झाला की तो बदलायला पुन्हा वर्षं जातात.